राखणीच्या कुत्र्याचे वाढते पिल्लू : वजन योग्य आहे काय?

सुरगाणा तालुक्यातील डोंगरउतारावरच्या पाड्यांत शेळ्यांच्या गोठ्यापाशी व खळ्यावर राखणीस कुत्रा असणे ही नित्याची गोष्ट आहे. बिबट्याच्या मुलखात कुत्रा जितका थोराड तितका बरा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक कुत्रा कितीही थोराड असला तरी तो बिबट्याचे भक्ष्यच होय. भुंकून मालकास जागे करणे एवढेच त्याचे काम, आणि रात्री त्यालाही बंदिस्त जागा हवी. तरीही एखाद्याने अल्सेशियनचे पिल्लू आणले, की ते लवकर मोठे व्हावे म्हणून दूध, भात व मटण यांचा मारा सुरू होतो. पिल्लू गुटगुटीत दिसते, घरची माणसे समाधान पावतात. पण काही महिन्यांत ते लंगडू लागते.

याचे कारण असे, की मोठ्या जातीच्या कुत्र्याचा सांगाडा पक्का होण्यास सुमारे दीड वर्ष लागते. प्रौढपणीच्या निम्मे वजन मात्र ते चार-पाच महिन्यांतच गाठते. अशा कोवळ्या हाडांवर चरबीचा भार पडला म्हणजे खुब्याचे व कोपराचे सांधे बिघडतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जोडीदारापेक्षा एकचतुर्थांश कमी आहार मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले; अधिक खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. सांध्यांचा विकारही कमी खाणाऱ्यांत उशिरा उद्भवला.

वजन योग्य आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा हातांनी अधिक कळते, कारण दाट केसांखाली सर्व काही झाकले जाते. पिल्लास उभे करून दोन्ही तळहात बरगड्यांवरून हलकेच फिरवावेत. मग स्वतःचा एक हात सरळ पसरून त्याच्या पाठीवर बोटे फिरवून पाहावीत. तेथील हाडे जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर पिल्लू ठीक आहे. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारख्या टोचल्या तर ते रोड आहे. तळहाताच्या गादीसारखे मऊ लागून बरगड्या शोधाव्या लागल्या तर ते लठ्ठ आहे. याखेरीज वरून पाहिल्यास कमर आत वळलेली आणि बाजूने पाहिल्यास पोट मागे वर चढलेले दिसावे.

मुधोळ अथवा कारवानी कुत्र्यास हा नियम तारतम्याने लावावा. ही जात मूळचीच सडपातळ. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणून तिला उपाशी समजू नये.

दुसरी फसगत पोटाची होते. बरगड्या उघड्या, पाठ खरबरीत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, असे पिल्लू लठ्ठ नसून बहुधा जंताने पोखरलेले असते. त्याचे खाणे कमी करणे म्हणजे त्याला मारणेच होय. पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनाप्रमाणे जंताचे औषध घ्यावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात टोचावयाची असतेच, त्या फेरीत वजनही करून घ्यावे.

आहारात नागलीची भाकरी उत्तम. तीत चुना भरपूर असतो. परंतु केवळ भाकरीवर हाड-मांस भरत नाही. जोडीस अंडे, धुतलेली सुकट वा शिजवलेले मांस द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती फुटून आतडे फाडतात. कॅल्शियमची पूड मनाने चारणे तर अधिकच घातक, कारण सहा महिन्यांखालील पिल्लास जादा चुना शोषणे आवरता येत नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, नंतर दोन वेळा खाऊ घालावे. ताटात उरलेले उचलून टाकावे.

वजनासाठी निराळ्या साधनाची गरज नाही. धान्याच्या काट्यावर आधी माणसाने एकट्याने व मग पिल्लू उचलून उभे राहावे आणि फरक लिहून ठेवावा. दर पंधरवड्यास हे करावे. बरगड्या लागेनाशा झाल्या तर खाणे एकदम न तोडता दहावा हिस्सा कमी करून पुढील पंधरवड्यास पुन्हा हात फिरवून पाहावा.