कंपनी माल

अहवालातली ओळ साधी होती: वापरलेली तागाची बारदानं, शंभर टक्के पुनर्वापरासाठी दिली. हैदराबाद शहराबाहेर डाळी आणि पिठांचा मोठा कारखाना असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचा हा अहवाल. असे अहवाल वाचून त्यातले आकडे ताळ्यावर आहेत की नाहीत हे बघणं माझं पोटापाण्याचं काम. शंभर टक्के दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पुरावा मागितला, तर भंगार ठेकेदाराची पावती आली. ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "आम्ही कुठं ठेवून घेतो मॅडम, सगळं मलकपेठला जातं."

मलकपेठ काही लांब नाही. काचीगुड्यातून निघून चादरघाटचा पूल आणि त्याखालच्या मुसी नदीचा वास ओलांडला की आलंच. सहावे निझाम महबूब अली खान यांच्या नावाची महबूब मॅन्शन तिथे कधीची ढासळते आहे आणि तिच्या आसऱ्याला कृषी बाजार समितीचं यार्ड भरतं. इथे उतरणाऱ्या कांद्यात बराचसा आपल्याकडचा. सोलापूरहून हैदराबादेत येणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग पुढे विजयवाड्याकडे निघतो तोही याच भागातून. त्यामुळे यार्डाच्या फाटकापाशी तेलुगू, दखनी आणि सोलापुरी मराठी अशा तिन्ही भाषांतल्या शिव्या एकाच वेळी ऐकू येतात. गाड्या लागतात, पोती उतरतात, लिलाव होतो, पोती पुन्हा चढतात. ते बघायला मी गेले नव्हते. मला रिकामी पोती हवी होती.

ती मागच्या गल्लीत आहेत. पत्र्याच्या शेडची रांग, आणि प्रत्येक शेडमध्ये छतापर्यंत बारदान. कांद्याचे वाळके पापुद्रे पायाखाली चुरचुरतात, उडतात, घामाला चिकटतात. ज्या शेडमध्ये मला बसू दिलं तिचे मालक साठीपलीकडचे, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी कंपनीकडून आले म्हटल्यावर आधी त्यांना वाटलं माल परत मागायला आले. नाही म्हटल्यावर चहा आला.

"एक गोणी पाच फेरे खाती," चाचा म्हणाले. हा पाचाचा आकडा पुढे त्यांनी इतक्या वेळा सांगितला की मी तो तपासायलाच घेतला. पहिली फेरी गिरणीतून आलेल्या कोऱ्या गोणीची, बहुधा धान्याची. दुसरी आणि तिसरी कांद्याची: यार्डात रिकामी झालेली गोणी इथे येते, झटकली जाते, शिवली जाते आणि कांदा आणणाऱ्या गाडीच्याच परतीच्या भाड्यात गठ्ठ्यांनी महाराष्ट्रात जाते. चौथी कोळसा, भुसा, भंगार, नर्सरीची माती, जे मिळेल ते. पाचवी फेरी बांधकामावर. काँक्रीटचे खांब आणि स्लॅब मुरवताना त्यांच्यावर ओलं गोणपाट गुंडाळतात, ते हेच. हैदराबादच्या पश्चिमेला उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या मनोऱ्यांचे खांब कधीतरी कांद्याच्या गोणीत गुंडाळलेले असणार, असं चाचांनी नव्हे, त्यांच्या शेडवर चहा प्यायला आलेल्या एका सेंट्रिंगवाल्याने सांगितलं. मला गंमत वाटली. याच शहरात सीआयआय या उद्योगसंघटनेचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर आहे. राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते जुलै २००४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि अमेरिकेबाहेर लीड प्लॅटिनम मानांकन मिळवणारी ती पहिली इमारत. देशभरातल्या इमारतींना हरित मानांकन देणाऱ्या परिषदेचं घरही तेच. मानांकनाच्या कागदांत गोणपाट कुठे बसतं हे मी कधी शोधलं नव्हतं.

शेडमध्ये माल निवडायला एक अम्मा बसतात. पन्नाशीच्या असाव्यात. पदर नाकावरून मागे खोचलेला, उजव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली, आणि दाभण अंबाड्यात. गोणी समोर आली की त्या डावा हात कोपरापर्यंत आत घालतात, मूठ उघडतात आणि पालथ्या हाताने तळापासून तोंडापर्यंत एकदा फिरवतात. बघत नाहीत. बोटं जिथे अडतात तिथे भोक. मग गोणी नाकाशी. खताची किंवा फवारणीच्या पावडरीची असली तर तिकडे, वेगळ्या कोपऱ्यात. ती खाण्याच्या मालाला चालत नाही. मग फेक: एक नंबर, दोन नंबर, शिवणीचा माल, आणि कापायचा माल, ज्यातून ठिगळं निघतात. हे सगळं होईपर्यंत मी वहीत एक ओळही पुरी केलेली नसायची.

छोट्या भोकाला सुतळीचे चार टाके. मोठ्याला ठिगळ, आणि ठिगळ आतून, कारण बाहेरून लावलं तर हमालाचा आकडा त्यात अडकतो. गोणी उलटी करून शिवायची, पुन्हा सुलटी करायची, झटकायची. झटकताना जो धुरळा उठतो त्यात अम्मा काही क्षण दिसत नाहीत, नुसत्या खोकताना ऐकू येतात.

एका गठ्ठ्याशी मात्र त्यांनी हात घालायच्या आधीच नाक मुरडलं. "कंपनी," त्या म्हणाल्या आणि गोणी माझ्या मांडीवर टाकली. वास घासलेटासारखा. ताग विणताना मऊ व्हावा म्हणून त्याला तेल लावतात; नव्या गोणीला त्याचा वास असतो आणि एखाद-दुसऱ्या फेरीत तो कांद्याच्या, मिरचीच्या वासाखाली मरतो. ही गोणी नवीकोरीच होती. सरकारी धान्याला लागते तशी पन्नास किलोची, जिचं स्वतःचं वजन ५८० ग्रॅम. आणि तिचं पोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पात्याने फाडलेलं होतं.

"पेट फाड देते," चाचा म्हणाले. "कैकू की मालूम नै. अंदर का माल तो मूं से बी निकलता."

पोत्याचं तोंड मशीनवर शिवतात ते साखळी टाक्याने. त्याचं योग्य टोक हाती लागलं की एका ओढीत सगळी शिवण सुटून येते, गोणीला ओरखडाही नाही. यार्डातला सोळा वर्षांचा पोरगाही ते टोक न बघता शोधतो, कारण रिकाम्या गोणीला भाव आहे हे त्याला माहीत आहे. किराणा दुकानदारालाही माहीत आहे. म्हणून कांद्याच्या गोणीची पाच फेऱ्यांची बात होते. कंपनी माल थेट पाचव्या फेरीला लागतो: एक नंबरच्या दर्जाचा ताग, आणि जातो ठिगळात नाहीतर स्लॅबवर. अहवालात मात्र दोन्हींचा आकडा एकच. फाडलेल्या गोणीचं ठिगळ झालं, पुनर्वापर झाला, शंभर टक्के. खोटं कुणीच बोललेलं नाही.

मग मी कारखान्यात गेले. हॉपरच्या तोंडाशी एक मुलगा उभा, हातात पातं. पोतं आलं, आडवं झालं, सर्र. डाळ खाली, गोणी मागे. सुपरवायझर सरळ माणूस होता. "टोक सापडलं तर दोन सेकंद, नाही सापडलं तर दहा. लाइन थांबते मॅडम." ताशी किती पोती रिकामी झाली याचा तक्ता भिंतीवर होता. गोण्या कशा अवस्थेत निघाल्या याचा कुठेच नव्हता, आणि का असावा? गोण्या निघाल्या की उत्पादन विभागाच्या लेखी त्या संपल्या. प्रशासन त्या ठेकेदाराला किलोवर विकतं. किलोला फाटकी आणि धड सारखीच भरते. खरेदी विभाग डाळीबरोबर गोणीचेही पैसे मोजतो, पण ते डाळीच्या भावात मिसळलेले. तीन खाती, आणि गोणीची मालकी एकाहीकडे नाही.

कंपनीत शाश्वततेचं काम बघणारी मुलगी हुशार आहे, मेहनती आहे, आणि वर्षातले काही महिने फक्त फॉर्म भरत असते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये कंपनीच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा हा बीआरएसआर अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नऊ तत्त्वांवर तो बेतलेला आहे. जबाबदार संचालक कोण, संचालक मंडळाची समिती आहे का, हेही त्यात विचारतात. या कंपनीने दोन्हींची उत्तरं व्यवस्थित दिली आहेत. समिती आहे, बैठका होतात. बैठकीत सौर ऊर्जेचं सादरीकरण होतं, पाण्याचं होतं. सौर पॅनेलचा फोटो छान येतो. हॉपरच्या तोंडाशी पातं घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा फोटो समितीपुढे कुणी ठेवलेला नाही.

तोटा कुणाच्याच खात्यात दिसत नाही अशा जागी किंमत लावून बघणं हा एक उपाय काही कंपन्यांनी केला आहे. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये स्वतःच्याच कार्बन उत्सर्जनावर टनाला दहा डॉलर अशी अंतर्गत किंमत जाहीर केली; असं करणारी ती पहिली भारतीय कंपनी. म्हणजे धूर फुकट नाही असं व्यवस्थापकांच्या हिशेबात घालायचं, मग गुंतवणुकीचा निर्णय आपोआप बदलू लागतो. मला हे पटतं. मलकपेठच्या गल्लीत नेमकं हेच चालतं, फक्त तिथे किंमत कुणाला कल्पून लावावी लागत नाही. भोक एक की तीन, ठिगळ आतून की बाहेरून, याचा वेगवेगळा भाव ठरलेला असतो. नवी गोणी बंगालच्या गिरण्यांतून येते. १९८७ च्या कायद्याने सरकारी धान्याला ताग सक्तीचा असल्यामुळे मोठी खरेदी सरकारचीच असते आणि बाकीच्यांना नवी गोणी महाग पडते. २०२० च्या टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा तेलंगण सरकारलाही भाताच्या खरेदीसाठी रेशन दुकानांतून वापरलेल्या गोण्या गोळा कराव्या लागल्या. तो काळ आठवला की चाचांचा चेहरा अजून खुलतो.

पण ही गल्ली म्हणजे काटकसरीचं तीर्थक्षेत्र, असं लिहायला माझा हात धजत नाही. गोणी पाच फेऱ्या करते, कारण अम्मांचा दिवस स्वस्त आहे. मजुरी शेकड्यावर. मास्क नाही, पंखा आहे तो बारदानाच्या दिशेला. खोकल्याचं विचारलं तर त्या म्हणाल्या, पावसाळ्यात कमी होतो, माल ओला असतो ना. चाचांना विचारलं तर म्हणाले, मास्क दिला होता, लावत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. सेबीच्या फॉर्मात मजुरीचा रकाना आहे, बाई-पुरुषांच्या वेतनाचा आहे, कामावरच्या इजा-आजारांचा आहे. पण ते सगळं कंपनीच्या फाटकाच्या आतल्यांसाठी. पुरवठासाखळीतल्या लोकांबद्दलचे बहुतेक प्रश्न फॉर्मात ऐच्छिक बाजूला टाकलेले आहेत. पहिल्या अडीचशे कंपन्यांनी आपल्या भागीदारांचीही माहिती द्यावी असं २०२३ मध्ये ठरलं खरं. २०२५ मध्ये तेही ऐच्छिक झालं, आणि भागीदार कोण, तर ज्याचा एकूण खरेदीत किंवा विक्रीत दोन टक्के वा जास्त वाटा आहे तो.

दोन टक्के. चाचांच्या शेडमधली सगळी बारदानं एकत्र केली तरी त्या कंपनीच्या विक्रीच्या टक्क्याच्या हजाराव्या भागाला शिवणार नाहीत. म्हणजे ज्या ओळीवर 'शंभर टक्के' लिहिलंय ती खरी करणारी बाई अहवालात येण्याची वाटच नाही. हा नियम करणाऱ्यांना वाईट म्हणता येत नाही. हजारो ठेकेदारांची माहिती गोळा करायची तर निम्म्या कंपन्या नुसत्या फॉर्मच भरत बसतील, हे त्यांचं म्हणणं मला व्यवसायाने कळतं. तरी तो दोन टक्क्यांचा उंबरठा नेमका कुणाला बाहेर ठेवतो हे अम्मांच्या शेजारी बसल्यावर जितकं लख्ख दिसतं तितकं टेबलावर दिसलं नव्हतं.

गल्लीत एक बार्शीकडचा ड्रायव्हर परतीचे गठ्ठे भरून घेत होता. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्याने मला सगळी गाडी दाखवली. "ताई, आता लाल जाळीच्या पिशव्या बी लई आल्यात. हलक्या असत्यात, स्वस्त. पन एकदा फाटली की गेली, शिवता येत न्हाई." त्याला ताग आवडतो असं नाही, तागाच्या गठ्ठ्याचं परतीचं भाडं मिळतं, जाळीचं मिळत नाही. चाचा म्हणाले, त्यांच्या मुलाला या धंद्यात यायचं नाही, आणि ते बरंच आहे.

मी माझ्या टिपणात दोन गोष्टी लिहिल्या. हॉपरपाशी पात्याऐवजी धागा ओढायचा, आणि बारदान किलोवर न विकता नगावर, प्रतवारीने विकायचं. मग फाटक्या गोणीचा तोटा कुणाच्या तरी खात्यात दिसेल. 'शंभर टक्के' खोडून तिथे धड किती, फाटकी किती असं लिहायला सांगितलं. शेवटचं कंपनीने मान्य केलं, पण पुढच्या वर्षीपासून, कारण या वर्षी मोजलेलंच नाही. विक्रीचा मुद्दा प्रशासनाकडे गेला. प्रशासनाने विचारलं, नगावर मोजायला माणूस कोण देणार. धाग्याचा मुद्दा उत्पादनाकडे गेला, आणि तिथून एक सभ्य ईमेल आली की सध्या हंगाम आहे.

चाचांना मी फोनवर हे सांगितलं. ते हसले. त्यांनी कंपनी मालाचा दर त्याच आठवड्यात आणखी उतरवला होता आणि ठेकेदाराला निरोप धाडला होता: मुँह खुला लाए तो पूरा भाव, पेट खुला लाए तो आधा.