अंगणांतील फुलवेली व त्यांचे आधार

द्राक्षाच्या मांडवाचे खांब किती जाड असावेत व तार किती ताणावी, याचा हिशेब आमचे बागाईतदार बंधु बिनचूक सांगतात. पण त्यांच्याच अंगणांतील जुई पाहावी, तर ती एखाद्या कुजक्या वेळूवर कशीबशी लोंबत असते! फुलवेल ही हौसेची वस्तु, तिला एवढी चिंता कशाला, असा समज यामागें दिसतो. खडकवासल्यासारख्या ठिकाणीं तो महाग पडतो. हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें, तरी अंगणाचीं घरें तेथें अजून आहेत. १८७९ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाच्या पाण्यावरून आषाढांत पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे भिजून जड झालेला मांडव त्यापुढें टिकत नाहीं, आणि पडतांना पन्हळ व चार कौलेंहि घेऊन पडतो.

आधार उभारण्यापूर्वीं वेल कशी चढते हें पाहावें, इतकेंच आमचें मागणें आहे. गोकर्ण व गणेशवेल या आधाराभोंवतीं स्वतः वेढे घेतात. त्यांस बारीक काठी किंवा उभी ताणलेली सुतळी पुरते. जाड खांबास त्यांचा वेढा बसत नाहीं. कृष्णकमळ व संक्रांतवेल यांस काकडीप्रमाणें तणावे असतात. ते बारीक वस्तूसच पकडतात, म्हणून येथें तारेची जाळी हवी. वेलींच्या चढण्यावर डार्विनसाहेबांनीं १८६५ सालीं स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. भर वादळांत मुद्दाम बाहेर पडून ते कुंपणावरील तणाव्यांची वेल पाहत. पीळ पडलेला तणावा स्प्रिंगेप्रमाणें लांबतो, आखडतो, पण तुटत नाहीं, असें त्यांस आढळलें. तेव्हां अशा वेलीस आपण दोऱ्यांनीं आवळून टाकणें म्हणजे तिची सोय मोडणेंच होय.

खरी अडचण बोगनवेलीची. तिला तणावा नाहीं, वेढा नाहीं. कांटे रोवून ती दुसऱ्यावर रेलते आणि वर्षागणिक लांकूड धरून जड होत जाते. जाई-जुईहि रेलणाऱ्याच, पण त्यांचें ओझें थोडें. बोगनवेलीस वेळू मुळींच देऊं नये. तो जमिनीलगत कुजतो, नाहींतर वाळवी खाते. लोखंडी नळ किंवा सागाचा खांब दोन हात खोल पुरून भोंवतीं दगड व मुरूम ठोकून भरावा. खांब भिंतीपासून वीतभर दूर असावा, म्हणजे भिंत वाळते. बांधावयास सुतळी अगर काथ्या घ्यावा. तार सालींत रुतते. वेल व खांब यांच्यामध्यें सुतळीचा एक पीळ द्यावा व खोड जाड होण्यास जागा ठेवावी.

फांद्या कोंवळ्या असतांनाच आडव्या वळवाव्या. सरळ चढूं दिलेली वेल सारा बहर कौलांवर नेते व दारासमोर नुसत्या काड्या उरतात. आडव्या फांदीवर मात्र डोळ्याडोळ्यांतून फुटवे निघतात.

छाटणीनें मांडवाचें ओझें उतरतें, पण वेळ चुकल्यास फुलें जातात. जाई-जुईचें पाणी डिसेंबरांत तोडून जानेवारींत छाटावें. संक्रांतवेलीस त्याच वेळीं हात लावूं नये, कारण तिचा बहर तेव्हांच असतो. तो ओसरल्यावर छाटावें. बोगनवेलहि फुलें संपल्यावर कापावी. मृगाच्या आधीं प्रत्येक खांब हातानें हलवून पाहावा, आणि जुने बंध बोटांनीं चाचपून तुटके काढून नवे बांधावे.