मणक्याचे ऑपरेशन आणि नसांवरचा पहारा

घरात कुणाला मणक्याचे ऑपरेशन सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऑपरेशन बिघडले आणि पायच गेले तर?" अब्बांना सज्द्यात जाता येत नाही म्हणून ते खुर्चीवर नमाज पढतात. चार पावले चालले की पाय बधिर होतात. तरी घरचे म्हणतात, "राहू द्या, निदान चालते-फिरते तरी आहेत." ऊस आणि कांद्याच्या आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ओझी उचलून कंबर धरलेली माणसे कमी नाहीत. त्यामुळे हे बोलणेही अनेक घरांतले आहे.

ही भीती अगदीच निराधार नाही. कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांना आणि तिथली जाणीव मेंदूला त्यातूनच पोचते. स्क्रू बसवताना, वाकडा कणा सरळ करताना किंवा गाठ काढताना त्याला धक्का किंवा ताण बसू शकतो. रक्तदाब उतरला तर त्याचा रक्तपुरवठाही कमी पडतो. आणि भुलीखाली असलेला रुग्ण "पाय बधिर झाला" असे सांगू शकत नाही.

मग डॉक्टरांना कळावे कसे? १९७३ साली फ्रान्समधील पिएर स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ उपाय मांडला. ऑपरेशन चालू असतानाच भूल हलकी करायची, रुग्णाला हाक मारून पाय हलवायला सांगायचे आणि पाय हलले की पुन्हा झोपवायचे! उपाय उपयोगी होता, पण त्यातून फक्त त्या क्षणाची स्थिती कळे.

आता हे काम विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालते. भूल दिल्यावर डोक्याच्या त्वचेत आणि हातापायांच्या स्नायूंत बारीक सुया लावतात. घोट्याजवळच्या नसेला हलका विद्युतझटका दिला की त्याचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत जातो आणि पडद्यावर लाट उमटते. ही जाणिवेची वाट. उलट डोक्यावरून दिलेल्या झटक्याने पायाचे स्नायू हलतात का, यावरून हालचालीची वाट तपासली जाते. सुरुवातीच्या लाटांशी पुढच्या लाटा सतत ताडून पाहतात. जाणिवेच्या लाटेची उंची निम्म्यावर आली की तो इशारा समजतात. मग सर्जन थांबतात. नुकताच बसवलेला स्क्रू तपासतात किंवा काढतात, दिलेला ताण सैल करतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात. वेळीच लक्षात आले तर इजा कायमची होण्याआधी टाळता येते.

मात्र नुसते यंत्र पुरेसे नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कण्याच्या ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत असे दिसले की देखरेखीचा चांगला अनुभव असलेल्या चमूंच्या रुग्णांत इजेचे प्रमाण, कमी अनुभवाच्या चमूंच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. पडद्यापुढे जाणती नजर हवी. भूलही जपून द्यावी लागते, कारण स्नायू सैल करणाऱ्या औषधाने हालचालीचे संदेश दबतात.

प्रत्येक ऑपरेशनला हा पहारा लागतोच असे नाही. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. त्यामुळे कमरेच्या खालच्या भागातील साधी गादी काढताना तो बहुधा लागत नाही. वाकडा कणा, मज्जारज्जूतील गाठ, मानेचे किंवा छातीमागचे गुंतागुंतीचे ऑपरेशन यांत त्याचे मोल मोठे. तरीही ही शंभर टक्के हमी नव्हे. कधी इशारा खोटा निघतो, तर कधी इशारा मिळूनही इजा टळत नाही.

उपचार लोणी किंवा विळद घाटातील मोठ्या रुग्णालयात घ्या, नाहीतर पुणे-नाशिकला जा. संमतिपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. आमच्या ऑपरेशनला नसांची देखरेख लागेल का? ती कोण करणार? त्यांना याचा किती अनुभव आहे? खर्च वेगळा आहे का, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते? योजनेची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे मिळेल. रुग्णाला मिरगी असेल, पेसमेकर बसवलेला असेल, तर तेही आधीच सांगा.

भीतीपोटी थांबण्याचेही नुकसान असते, हे विसरू नका. पायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडत किंवा नकळत होत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल, तर मालिश, पट्टा, चुना-हळदीचा लेप यांत एक दिवसही घालवू नका. त्याच घडीला रुग्णालय गाठा.

"पाय गेले तर?" हा प्रश्न घरात कुजबुजत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांसमोर मोकळेपणाने विचारा. "पाय जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय करणार आहात?" एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.