निम्म्याचा प्रश्न: मेनूकार्डात लपलेलं न सुटलेलं गणित

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की गणितात अजून सुटायचं राहिलंय तरी काय? आणि जे राहिलंय ते आपल्याला निदान कळेल तरी का? म्हणून आज असा प्रश्न घेतलाय, जो पाचवीतल्या पोरालाही सांगता येतो. १९७९ पासून तो तसाच पडून आहे. इअरफोन लावून चालत असाल तर चालत राहा, वही-पेन काही लागणार नाही.

एक हॉटेल डोळ्यासमोर आणा. तिथे सुटे पदार्थ मिळत नाहीत, फक्त कॉम्बो मिळतात. मालकाचा एकच नियम: मेनूवरचे कुठलेही दोन कॉम्बो एकत्र केले, की जो कॉम्बो तयार होईल तोसुद्धा मेनूवर असलाच पाहिजे. म्हणजे 'वडापाव-चहा' आहे आणि 'चहा-भजी' आहे, तर 'वडापाव-चहा-भजी' पण हवाच. चहा दोनदा मोजायचा नाही.

आता प्रश्न. असा एखादा पदार्थ नक्की असतो का, जो निदान निम्म्या कॉम्बोंमध्ये आहे?

बास, एवढंच. पेटर फ्रँकल या हंगेरियन गणितज्ञाने सांगितलं, की हो, असतोच. (हाच फ्रँकल जपानमध्ये टीव्हीवरचा चेहरा आणि जगलर म्हणूनही प्रसिद्ध आहे.) पण 'असतोच' याची सिद्धता त्याच्याकडे नव्हती. आजही कोणाकडे नाही. आणि नियम मोडणारं एकही मेनूकार्ड आजवर कोणाला सापडलेलं नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यात काय, सरासरी काढा. सरासरी पदार्थ निम्म्यात आला की काम झालं. पण थांबा. समजा मेनूवर तीनच कॉम्बो आहेत: 'चहा', 'चहा-खारी' आणि वीस पदार्थांची मोठी थाळी, जिच्यात चहा-खारीही आहे. चहा तिन्हीत आहे, खारी दोनांत, बाकीचे अठरा पदार्थ फक्त एकात. सरासरी काढली तर एक पदार्थ १.१५ कॉम्बोंमध्ये येतो, आणि तीनाचा निम्मा होतो दीड. चहामुळे फ्रँकलचं म्हणणं खरं ठरलं, पण सरासरीने ते दिसलं नाही. सरासरी इथे कामाची नाही.

काही ठिकाणी मात्र उत्तर चुटकीसरशी मिळतं. मेनूवर नुसता 'चहा' हा एकट्याचा कॉम्बो असेल तर बघा. चहा नसलेला कुठलाही कॉम्बो घ्या, त्यात चहा मिसळा, तोही मेनूवर आहेच. म्हणजे बिनचहाच्या प्रत्येक कॉम्बोला चहावाला जोडीदार मिळाला, आणि प्रत्येकाचा जोडीदार वेगळा. त्यामुळे चहावाले निदान निम्मे. झालं की सिद्ध! मेनूवर दोन पदार्थांचा कॉम्बो असेल तरी जमतं, त्या दोघांपैकी एक निम्म्यात येतोच. पण सगळ्यात लहान कॉम्बो तीन पदार्थांचा असला की गाडी अडते. त्या तिघांपैकी एकही निम्म्यात येत नाही, असे मेनू सापडलेले आहेत. तिथे निम्म्याचा मान चौथाच कोणीतरी पटकावतो. तो कोण, हे आधी सांगता येत नाही.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे माझं पुढचं पाऊल ठरलेलं: स्क्रिप्ट लिहू, सगळे मेनू तपासू. रिकामा कॉम्बो धरून मोजलं तर चार पदार्थांचे असे मेनू होतात २,४८०. लॅपटॉपला घामही फुटला नाही. पाच पदार्थांचे १३,८५,५५२. तेही जमलं. सहाचे? साडेसात हजार कोटींहून जास्त. तिथे मी गपचूप लॅपटॉप मिटला. एवढ्या वेगाने आकडा वाढत असताना निव्वळ तपासून काहीच सिद्ध होणार नाही, हे त्या रात्री पटलं. लोकांनी हुशारीचे युक्तिवाद आणि कॉम्प्युटर यांची सांगड घालून १२ पदार्थांपर्यंत सिद्धता नेली आहे. पण पुढे पदार्थ संपतच नाहीत ना!

आता यात लॅटिस कुठून आलं? सगळे कॉम्बो कागदावर मांडा, लहान खाली, मोठे वर, आणि जो ज्याच्यात सामावतो त्यांना रेघांनी जोडा. सगळ्यात खाली रिकामा कॉम्बो ठेवा. आता कुठल्याही दोघांच्या वर त्यांना सामावणारा एक सगळ्यात जवळचा बिंदू असतो, आणि खालीही तसाच एक. अशा रचनेला लॅटिस म्हणतात. फ्रँकलचा प्रश्न उलटा फिरवला की या भाषेत असा दिसतो: प्रत्येक सांत लॅटिसमध्ये असा एखादा 'न फोडता येणारा' बिंदू असतो का, ज्याच्या वर (तो स्वतः धरून) जास्तीत जास्त निम्मेच बिंदू आहेत? न फोडता येणारा म्हणजे त्याच्या खालच्या दोघांना जोडून जो बनत नाही असा.

उदाहरण म्हणून १२ चे विभाजक घ्या: १, २, ३, ४, ६, १२. 'वर' म्हणजे 'पटीत'. ६ हा २ आणि ३ जोडून बनतो, म्हणून तो बाद. ४ न फोडता येणारा आहे. त्याच्या वर ४ आणि १२, म्हणजे सहापैकी दोनच. निम्म्याच्या आत! इथे पदार्थ गेले, मेनू गेला, नुसता सांगाडा उरला. आणि सांगाड्याचा आकार ओळखीचा असेल तर सिद्धता मिळते. अशा बऱ्याच प्रकारच्या लॅटिससाठी ती मिळालीही आहे.

यातलं एक काम आपल्या पुण्याचं आहे. पुणे विद्यापीठातले विनायक जोशी आणि बी. एन. वाफरे यांनी एस. पी. कवीश्वर यांच्यासोबत २०१६ मध्ये दाखवलं, की ज्या लॅटिसमधून एकेक बिंदू काढत गेलं आणि प्रत्येक टप्प्यावर उरलेला भागही लॅटिसच राहिला, अशा सगळ्यांसाठी फ्रँकल बरोबर आहे. जेंगासारखं समजा: एकेक ठोकळा काढताय आणि मनोरा शेवटपर्यंत पडत नाही.

सगळ्या मेनूंसाठी मात्र परिस्थिती बिकट होती. 'निम्मा' सोडा, ठरावीक एक टक्काही कोणाला सिद्ध करता येत नव्हता. हजारेक कॉम्बो असतील तर साधारण १० टक्क्यांची हमी, दहा लाख असतील तर ५ टक्क्यांची. मेनू वाढला की हमी घसरायची. २०१६ मध्ये टिमोथी गावर्स यांनी जगभरच्या गणितज्ञांना बोलावून ऑनलाइन सामूहिक प्रयत्न केला. चर्चा भरपूर झाली, सिद्धता हाती आली नाही.

मग नोव्हेंबर २०२२. जस्टिन गिल्मर हा तेव्हा गुगलमध्ये मशीन लर्निंगवर काम करत होता. पीएचडीच्या दिवसांत हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला होता. नोकरी लागली, शुद्ध गणित सुटलं, प्रश्न सुटला नाही. त्याने सिद्ध केलं: मेनू कितीही मोठा असो, एक टक्का नक्की.

युक्ती ऐका. मेनूवरून डोळे मिटून एक कॉम्बो निवडा, सगळ्यांना समान संधी. काय हाती येईल याची अनिश्चितता इथे जास्तीत जास्त असते. तिला माहितीशास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. आता असेच दोन निवडून एकत्र करा. जे बनेल तेही मेनूवरचंच आहे, त्यामुळे अनिश्चितता आधीपेक्षा वाढूच शकत नाही. पण समजा प्रत्येक पदार्थ एक टक्क्याहूनही दुर्मीळ आहे. दोन कॉम्बो जोडल्यावर तो सापडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, म्हणजे 'आहे की नाही' हे सांगणं अवघड होतं. म्हणजे अनिश्चितता वाढली! वाढू शकत नाही आणि वाढली, दोन्ही एकदम खरं कसं असेल? म्हणून आपलं गृहीतकच चूक. पदार्थ एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे खरा हिशोब एकेक पदार्थ क्रमाने विचारत, आधीची उत्तरं लक्षात ठेवत करावा लागतो. पण गाभा हाच.

काही दिवसांतच वेगवेगळ्या लोकांनी हीच युक्ती ताणून आकडा ३८.१९ टक्क्यांवर नेला. आणि तिथे ती थांबली. का? ३८ टक्के शक्यतेचा पदार्थ दोन कॉम्बो जोडल्यावर जवळपास ६२ टक्के होतो. ३८ आणि ६२ पन्नासपासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे अनिश्चितताही तेवढीच. त्यापुढे गेलात तर जोडल्यावर ती उलट कमी होते, आणि विरोधाभास गायब! नंतर युक्तीत सुधारणा झाल्या, पण आकडा ३९ च्या आतच अडकलाय. ३८ ते ५० हे अंतर कापायला नवीच कल्पना लागणार.

मला यातलं आवडतं ते हे. पन्नास टक्क्यांच्या जवळ जायला ताकद कमी पडत नाहीये, साधन संपलंय. आणि ते साधन कुठे संपतं हेही नेमकं माहीत आहे. आपण कोडमध्ये अडकतो तेव्हा आपल्याला एवढं तरी कळतं का, की नेमकं कुठे आणि का अडकलोय?

पुढच्या भागात याच गल्लीतला मोठा भाऊ: युनिव्हर्सल अल्जिब्रामधला प्रश्न, की प्रत्येक सांत लॅटिस हे कुठल्यातरी सांत बीजगणिती रचनेचं कॉन्ग्रुअन्स लॅटिस असतं का? रचना अनंत चालत असेल तर उत्तर 'हो' आहे, हे १९६३ पासून माहीत आहे. सांत हवी म्हटलं की अजून कोणालाच माहीत नाही.

तोवर एक गृहपाठ: आपल्या नेहमीच्या हॉटेलात मालकाचा नियम लावून बघा, निम्म्यात कोण येतं? माझ्याकडे तरी दर वेळी चहाच येतोय. भेटू!