दोन नाण्यांचं मोल

'या हाताचं त्या हाताला कळू नये,' असं आपल्याकडे म्हणतात. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचाही हाच सल्ला आहे. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला दान गोळा होतं, त्यामागची शिकवण हीच. मार्कच्या शुभवर्तमानात तर एका गरीब विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी भरभरून टाकलं, हिने दोनच नाणी. तरी येशूने हिचंच दान मोठं ठरवलं. कारण त्यांनी उरलंसुरलं दिलं, हिने पोटाला चिमटा काढून!

आपण मात्र कामवाल्या मावशींना जुनी साडी देतो आणि भिशीत चारचौघींना सांगतो. मैत्रिणींनो, साडी जरूर द्या. फक्त देताना मनाला विचारा, हे मावशींसाठी की आपल्या कौतुकासाठी?