स्कोपची चकाकी घासून जात नाही

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की कपाटातली जुनी रायफल बाहेर निघते. तिच्यावरचा वडिलांच्या काळातला काळाभोर, आरशासारखा चकचकीत स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, पाहून मालकाला वाटतं, हा उन्हात चमकणार आणि हरीण पळणार. मग हात पॉलिश पेपरकडे जातो. तो तिथेच थांबावा म्हणून हे लिहितो आहे.

ही चकाकी म्हणजे वरून दिलेलं व्हार्निश, घासलं की निघेल, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आजच्या बहुतेक स्कोपची नळी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिचा काळा रंग अ‍ॅनोडायझिंगमधून आलेला असतो. नळी सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात टांगून वीज सोडली की धातूचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्साइड होऊ लागतो. हा थर थोडा आत, थोडा बाहेर असा वाढतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत काळा रंग मुरवतात आणि गरम पाण्यात छिद्रं बंद करतात. आपल्या स्वयंपाकघरातली हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई याच कुळातली, फक्त तिचा थर जास्त जाड. रंगवलेल्या नळीवर हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो.

चकचकीत की मॅट, हे हौदात जाण्याआधीच ठरतं. नळीला आधी पॉलिश केलं असेल तर ते थरातून तसंच दिसतं. बारीक मण्यांचा मारा करून ती खरबरीत केली असेल तर मॅट दिसते. हा थर रासायनिकदृष्ट्या कुरुंदाच्या जातीचा, म्हणून चिवट. पॉलिश पेपरने घासताना आधी फारसं काही होत नाही. मग कडांवर थर फाटतो आणि खालचं उघडं अ‍ॅल्युमिनियम डोकावतं. काळी चकाकी घालवायला गेलेल्याच्या हाती चंदेरी चकाकी येते.

त्याहून वाईट सल्ला कॉस्टिक सोड्याच्या क्लीनरचा. तो थर काढतो हे खरं, पण तिथे थांबत नाही. खालचा धातू आणि बारीक आटेही खातो. आत धुकं धरू नये म्हणून स्कोपमध्ये नायट्रोजन भरून रबरी रिंगांनी तो बंद केलेला असतो. रबराची ती सील गेली की स्कोप गेला. भट्टीत पक्के करावे लागणारे लेपही याच कारणाने अख्ख्या स्कोपला चालत नाहीत.

बंदुकीच्या नळीला काळं करणारं ब्लूइंगचं द्रावण इथेही चालेल, असंही अनेकांना वाटतं. ते पोलादासाठी असतं, अ‍ॅल्युमिनियमवर तो रंग धरत नाही. वीव्हर कंपनीच्या जुन्या के मालिकेतल्या स्कोपची नळी मात्र पोलादी होती. शंका असेल तर चुंबक लावून पाहा.

मॅट म्हणजे अधिक मजबूत, हेही खरं नाही. उलट चकचकीत नळीला पॉलिशची जास्त मेहनत लागते. १९५८ पासूनच्या वेदरबी मार्क ५ सारख्या झळाळत्या रायफलींना शोभावेत म्हणून असे स्कोप निघत. मॅट पृष्ठभाग प्रकाश गिळतो असंही नाही. तो प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून एका जागी तिरीप दिसत नाही.

आणि खरी तिरीप बहुधा नळीची नसतेच, ती पुढच्या भिंगाची असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढलेल्या परावर्तनरोधी लेपाने तो खूप घटला, तरी सूर्य समोर असेल तर भिंग लखलखतंच. त्यावर पुढे लावायची सावलीची नळी किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी हा उपाय. स्कोपची नळी काळवंडून तिथे काहीच साधत नाही.

तरीही नळीची चमक घालवायची असेल तर ती झाका, खरवडू नका. मला विचाराल तर कापडी कॅमो टेप किंवा निओप्रीनचं कव्हर पुरे. हंगाम संपला की काढा, स्कोप जसाच्या तसा. रंगच द्यायचा तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून स्कोप उतरवा. दोन्ही भिंगं, आकडे असलेल्या चकत्या आणि फिरणारी कडी मास्किंग टेपने नीट बंद करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा, मॅट रंगाचे पातळ हात द्या. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा जिथे आवळतात तो पट्टा कोरा ठेवा, नाहीतर रंग दबून पकड सैल होते. स्कोप परत बसवल्यावर नेम पुन्हा जुळवावा लागतो. वॉरंटीचं काय होईल, हे कंपनीला आधी विचारा.

एवढं करण्याआधी रायफल उन्हात धरून चार पावलांवरून पाहा. स्कोप जेमतेम तीस सेंटीमीटरचा, त्याखालची पॉलिश केलेली बॅरल त्याच्या दुप्पट लांब. पुष्कळदा तीच जास्त चमकताना दिसेल. तिलाही टेप चालते, पण ती पोलादी आहे. ओली टेप रात्रभर राहिली तर खाली गंज धरतो, तेव्हा ती त्याच संध्याकाळी काढून तेलाचा हात फिरवा.