‘आग्रा’ गेलं, नवं बारसं कधी?

सोमवारी, 22 एप्रिल 2024 ला, एअर इंडियाच्या ताफ्यातलं जुनं जम्बो मुंबईच्या धावपट्टीवरून उडालं. वैमानिकाने हवेत पंख हलवून शहराचा निरोप घेतला आणि विमान अमेरिकेच्या वाटेला लागलं. तिथे ते मोडीत निघणार होतं, त्याचे सुटे भाग विकले जाणार होते. त्या उड्डाणाचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाच असेल. ‘आकाशाची राणी गेली’ म्हणून हळहळही व्यक्त झाली. पण बातम्यांत सगळीकडे ‘बोइंग 747’ आणि ‘व्हीटी-ईव्हीए’ ही नोंदणीची अक्षरं, एवढंच होतं. या विमानाला स्वतःचं नाव होतं, ‘आग्रा’, ते फारसं कोणी घेतलं नाही.

मला ही चूक किरकोळ वाटत नाही. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला 12124 हा क्रमांक सांगून बघा, तो विचारात पडेल. डेक्कन क्वीन म्हणा, लगेच त्याच्या तोंडावर हसू येईल. 1 जून 1930 ला सुरू झालेल्या या गाडीचा वाढदिवस प्रवासी दरवर्षी पुणे स्टेशनवर साजरा करतात. मराठी माणूस वाहनाला नाव देऊन त्याला घरातलं करतो. कोळ्याच्या होडीपासून मालवाहू ट्रकपर्यंत ही रीत आहे. विमानाच्या बाबतीतही ती होती.

नावांतून दिसणारा देश

नोंदणीची अक्षरं कायद्याने रंगवावीच लागतात. नाव मात्र हौसेने द्यायचं असतं. ते तिकिटावर येत नाही. कॉकपिटच्या खिडक्यांखाली, नाकाजवळ छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. एअर इंडियाने ही हौस मन लावून केली. 8 जून 1948 ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं कंपनीचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान होतं ‘मलाबार प्रिन्सेस’. त्याच्या बहिणी मुघल, राजपूत, बंगाल, काश्मीर. आणि हो, एक ‘मराठा प्रिन्सेस’सुद्धा. 1960 मध्ये जेट विमानं आली, तेव्हा बोइंग 707 ना हिमालयाची शिखरं मिळाली: नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनजंगा. 1971 मध्ये जम्बो आलं आणि सम्राट अवतरले: अशोक, अकबर, राजेंद्र चोल, कनिष्क. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेलं ते विमान म्हणजे खरोखर उडता महालच होता. पुढे 1988 मध्ये आलेल्या एका जम्बोला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. नव्वदच्या दशकातल्या जम्बोंवर खजुराहो, कोणार्क, अजिंठा आली, गोव्याचं ‘वेल्हा गोवा’ही आलं. आग्रा त्यातलंच.

आधी राजकन्या, मग पर्वत, मग सम्राट, पुढे पर्यटनस्थळं. नुसती यादी वाचली तरी त्या त्या काळात देशाला जगापुढे काय मिरवायचं होतं ते कळतं. ताफ्याच्या नोंदवहीतून इतका इतिहास वाचायला मिळावा, ही साधी गोष्ट नाही.

नाव मागे उरतं

नावाची खरी ताकद मात्र कळते ती दुर्दैवाच्या वेळी. 3 नोव्हेंबर 1950 ला ‘मलाबार प्रिन्सेस’ आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं. 48 जण गेले. 24 जानेवारी 1966 ला जवळपास त्याच जागी ‘कांचनजंगा’ कोसळलं. 117 जण गेले, त्यांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. शिखराचं नाव घेतलेलं विमान शिखरावरच संपलं.

त्या डोंगराखालची बोसाँ हिमनदी आजही दोन्ही विमानांचे अवशेष थोडे थोडे खाली आणते. 2020 च्या जुलैमध्ये वितळत्या बर्फातून भारतीय वर्तमानपत्रांचे अंक निघाले. कागद भिजलेला, पण मथळा वाचता येत होता: इंदिरा गांधी पंतप्रधानपदी निवडून आल्या. 54 वर्षं बर्फात पडून राहिलेला तो जानेवारीतला ताजा अंक. ज्या दिवशी ‘कांचनजंगा’ पडलं, त्याच दिवशी इंदिराजींचा शपथविधी होता. त्याआधी 2013 मध्ये एका गिर्यारोहकाला तिथेच पाचू, नीलम आणि माणकांनी भरलेली पेटी सापडली. 2004 मध्ये एक फ्रेंच चित्रपट निघाला, त्याचं शीर्षकच ‘मलाबार प्रिन्सेस’. उड्डाणाचा क्रमांक घेऊन असं शीर्षक सुचलं असतं का?

आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 23 जून 1985 ला आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोट होऊन एअर इंडियाचं जम्बो कोसळलं. 329 बळी. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, म्हणून कॅनडात ही घटना ‘फ्लाइट 182’ म्हणून ओळखली जाते. आपल्या घरात मात्र आजही ‘कनिष्क’ एवढंच म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तसंच ‘सम्राट अशोक’चं. 1978 च्या 1 जानेवारीला रात्री वांद्र्यासमोरच्या समुद्रात ते पडलं आणि 213 जण गेले. आकडा पाठ करावा लागतो. नावाला हाक मारता येते, त्याच्यासाठी रडताही येतं.

मग नावं थांबली कुठे?

नव्या विमानांना नावं न देण्याचं कारण हिशेबात आहे. आज कित्येक विमानं भाडेपट्ट्यावर येतात, काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या रंगात उडतात. परत करायच्या वस्तूचं बारसं कोण करणार, असा तो विचार. पण तो मला पटत नाही. नेदरलँड्सची केएलएम आजही नावं देते. लुफ्तान्साने 1960 मध्ये बोइंग 707 चं नाव ‘बर्लिन’ ठेवलं, तेव्हा विली ब्रांट पश्चिम बर्लिनचे महापौर होते आणि नामकरण त्यांच्याच हस्ते झालं. तेव्हापासून जर्मनीतली शहरं आपलं नाव विमानावर आलं की अभिमान बाळगतात. आपल्याकडे स्पाइसजेटने मसाल्यांची नावं दिली, दालचिनीपासून हळदीपर्यंत. खर्च रंगाच्या एका डब्याचा.

टाटांकडे परतलेल्या एअर इंडियाने 2023 मध्ये 470 विमानांची मागणी नोंदवली. पहिल्या एअरबस ए350 ची नोंदणी ‘व्हीटी-जेआरए’ आहे. त्यातलं ‘जेआर’ वाचताना कंपनीचे संस्थापक जेआरडी टाटा यांची आठवण येतेच. पण अक्षरांतून आठवण काढावी लागू नये, ती उघड लिहावी. लुफ्तान्सासारखी गावांची नावं द्या: रत्नागिरी, नांदेड, तंजावर, कोहिमा. त्या गावच्या शाळेतल्या मुलांच्या हातून नामकरण करा. ती मुलं मोठी होऊन कधी त्याच विमानात बसली, तर दाराशी आपल्या गावाचं नाव वाचूनच आत पाऊल टाकतील.

दर 1 जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनला हार घातला जातो. ‘आग्रा’ला निरोप देताना त्याचं नाव घेऊन असा हार घालणारं कोणी असायला हवं होतं.